खुंटीवरचा हातमोजा

५ फेब्रुवारी

चि. खारूताई,

आशीर्वाद नेहमीचेच, पण या वेळी उभ्याने देतोय, कारण टेबल आणि खुर्ची दोन्ही तुझ्या संगणकाने घेतली आहेत. माझ्या वाट्याला एक स्टूल आलं आहे, तेही लंगडं.

तुझा ऑफिसातला सहकारी सोमवारी यंत्र घेऊन आला. पुढच्या दाराची कडी सध्या जरा अडते आहे, म्हणून त्याला ते मागच्या अंगणाच्या भिंतीवरून द्यावं लागलं. बाहेर तो, भिंतीवर घोड्यासारखे बसलेले आपले लाँड्रीवाले आणि आत मी. व्याकरणातले तिन्ही पुरुष एका कर्मासाठी राबले. लाँड्रीवाले म्हणाले, "मास्तर, हे खाली पडलं तर इस्त्री करून नाही मिळणार."

तर तुझा खेळ, ज्याचं तू केलेलं मराठी मला तपासायचं आहे. खूप जुना आहे, तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा, असं तू लिहिलंस. मग त्याला 'अहोजाहो' करायला हवं. कथा मला समजली ती अशी: दूर अंतराळात एक दीपगृह आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या यानांना वाट दाखवणारं. त्यात दोनच माणसं, एक दीपपाल आणि त्याची सहकारीण. एके दिवशी दीपपाल जागा होतो तर सहकारीण नाही, दिवा विझलेला आणि दारं एकेक करून बंद होतायत. आपण दीपपाल. आपल्याला बाहेर पडून दिवा लावायचा आहे. पडद्यावर खोलीचं चित्र, खाली आठ शब्द: पाहा, घे, दे, उघड, ढकल, ओढ, वापर, बोल. आधी शब्दावर टिचकी मारायची, मग वस्तूवर. सगळा लोट् लकार, म्हणजे निव्वळ आज्ञा. तुझ्या मामीनंतर या घरात माझ्याशी आज्ञार्थात बोलणारं हे पहिलंच कुणीतरी, त्यामुळे मी लगेच ऐकायला लागलो.

तपासणीचे कागद सोबत आहेत. तू 'वायुरोधक निर्गमद्वार' लिहिलं आहेस. संस्कृतच्या शिक्षकाला बरं वाटावं म्हणून असेल, पण गुदमरणारा माणूस एवढं बोलेपर्यंत मरेल. 'बाहेरचं दार' पुरे.

एक सांगतो, शाबासकी दे. पहिल्या खोलीत धोक्याचा दिवा लुकलुकत होता, खेळ मला नुसता पळवत होता. तरी मी फक्त माझ्या पेटीतला माझा पाना, माझी विजेरी आणि माझी दोरी घेतली. सहकारिणीचा कप होता, वही होती, खुंटीवर तिचा एक हातमोजा होता. कशालाही हात लावला नाही. पंचवीस वर्षं मुलांना 'अस्तेय म्हणजे चोरी न करणे' शिकवतोय, अंतराळात गेलो म्हणून नियम सुटतो थोडाच.

शाळेतून आलो की तासभर खेळतो. नववीतला लांबुळका काल विचारत होता, "सर, अंतराळात संस्कृत चालेल का?" म्हटलं, "तिथे माणसं कमी आहेत, त्यामुळे शक्यता जास्त."

पत्र लाँड्रीवाल्यांकडे देतोय. पाकीट तेच आणतात आणि पत्ता तेच घालतात, मला शाळेची घाई असते.

तुझा,
मामा

११ फेब्रुवारी

ती. मामा,

साष्टांगातली सात अंगं पाठवतेय, आठवं माउसवर आहे.

तुझे कागद बघून आमचे चष्मेवाले साहेब पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागले. मग म्हणाले, "हे गृहस्थ आपल्याकडे नोकरी करतील का?" मी म्हटलं, ते स्वतःची शाळा सोडून वाण्याकडेसुद्धा जात नाहीत.

आमचं ऑफिस कसं आहे सांगते. टायरच्या दुकानावर एक खोली, त्यात चार माणसं आणि एक पंखा. खाली टायर बदलताना हवा सुटते, त्या आवाजाने अजूनही आम्हाला वाटतं की यानाचं दार उघडलं. या खेळाचं मराठी मी एकटीने केलंय. चार हजार वाक्यं. अडचण भाषेची नाही, चौकटीची आहे. पडद्यावरच्या चौकटीत दोन ओळी, एका ओळीत बावीस अक्षरं. तेविसावं अक्षर गेलं की सगळा खेळ बंद. त्यामुळे वर्षभर मी भाषांतर कमी आणि शिंपीकाम जास्त केलंय.

एकतीस मार्चला सगळं छापखान्यासारखं कायमचं गोठणार. त्याआधी तू शेवटच्या भागापर्यंत, म्हणजे बाहेरच्या दाराच्या पलीकडे पोचायला हवास. तिथली वाक्यं माझ्याशिवाय कुणीच वाचलेली नाहीत. आणि खेळ जपून ठेवताना दर वेळी वेगळ्या खणात ठेव. दहा खण दिलेत, ज्यात ठेवशील त्यात तिथवरचा खेळ तसाच राहतो. मागे फिरायला लागलं तर उपयोगी पडतं.

दाराच्या कडीला तेल घाल. नाहीतर सुताराला बोलाव, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि एकदा ये ना इकडे. बस थेट आहे, खिडकीजवळ बसलास तर पुस्तक वाचता वाचता पोचशील.

तुझी,
खारूताई

२० फेब्रुवारी

चि. खारूताई,

दीपपाल अडकला आहे.

बारा खोल्या उघडल्या. बारापैकी नऊ मी स्वतःच्या अकलेने उघडल्या आणि तीन अशाच कंटाळून टिचक्या मारताना उघडल्या. पहिली खोली मागे कायमची बंद झाली, तिच्यात हवा उरली नाही. आता बाहेरच्या दाराशी उभा आहे. अंगात बाहेर जायचा पोशाख आहे. पण त्याचा डावा हातमोजा कधीतरी जळला असावा. दार उघड म्हटलं की तुझं वाक्य येतं: 'एक हात उघडा आहे. असं बाहेर जाता येणार नाही.'

मी काय काय केलं त्याची यादी देत नाही, हसशील. हातावर चिंधी गुंडाळली. पातेलं चढवलं. स्वयंपाकयंत्राशी 'बोल' म्हटलं, ते भाताबद्दल बोललं. दर वेळी तेच वाक्य, त्याच थंड सुरात. आता माझी आणि त्या वाक्याची ओळख झाली आहे.

खरं म्हणजे या माणसाचं मला कळतं. सकाळी तयार होतो, दारापर्यंत जातो, उभा राहतो. दार काही वाईट नाही. पलीकडे काय आहे हेही त्याला ठाऊक आहे, वर्षानुवर्षं तिकडेच तर जात होता. तरी परत फिरतो आणि चहा टाकतो. मग म्हणतो, उद्या. बारा खोल्या आहेत म्हणून माणसाला वाटतं की आपण हिंडतोय.

चहाचं यंत्र दीपगृहात नाही हे मला माहीत आहे. ओघात लिहून गेलो.

खणांचं म्हणशील तर मी एकाच खणात ठेवतो. एक वही असताना दुसरी काढणं मला जमत नाही. नवं लिहिलं की जुनं पुसतं, बरंच आहे.

येण्याचं जमणार नाही, परीक्षा तोंडावर आहेत. लांबुळक्याला अजून विभक्ती येत नाहीत. काल षष्ठी कुठे आहे विचारलं तर म्हणाला, 'आजारी आहे.' लाँड्रीवाले तुला नमस्कार सांगतायत. आज त्यांनी माझे शर्ट परत आणले आणि भिंतीवरूनच विचारलं, "मास्तर, हे मागच्या आठवड्यातलेच आहेत. घडीसुद्धा मोडली नाही. घालता की नुसते मोजता?" त्यांचा विनोद जरा जाड कापडाचा असतो.

काही युक्ती असेल तर कळव.

मामा

२७ फेब्रुवारी

ती. मामा,

आधी दीपपालाचं.

तुला पहिल्या खोलीतला हातमोजा घ्यायला हवा होता. खुंटीवरचा, तिचा. तो न घेता तू पुढे आलास आणि ती खोली बंद झाली. आता काहीही कर, दार उघडणार नाही. त्या काळचे खेळ असेच असायचे. काही राहिलं तर सांगायचे नाहीत. खोल्या उघडत राहतात, यंत्रं बोलत राहतात, माणूस महिनाभर हिंडतो. आणि हरलेला असतो तो अगदी पहिल्या दहा मिनिटांत. अशा वेळी जुना खण उघडायचा असतो, पण तुझा खण एकच. म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. बाहेरून कुणी येऊन सोडवत नाही, मामा. नियमच नाही तसा.

लहानपणी मी मिळेल ते खिशात भरायचे, म्हणून तू मला खारूताई म्हणायला लागलास. असे खेळ मला म्हणूनच जमले. हातात येईल ते घ्यायचं, कशाला लागेल ते नंतर बघायचं. तू जगातला पहिला माणूस असशील जो सभ्यपणामुळे अंतराळात अडकला.

आता दुसरं. लांबुळका नववीत कसा? लांबुळका माझ्या वर्गात होता. षष्ठीला 'आजारी आहे' तो माझ्यासमोरच म्हणाला होता, तू हसू दाबायला फळ्याकडे वळलास तेही मला आठवतंय. आता त्याचं चष्म्याचं दुकान आहे, दोन मुली आहेत.

आणि तुझी दोन्ही पाकिटं माझ्यासमोर आहेत. पत्ता लाँड्रीवाल्यांच्या अक्षरात, आणि कोपऱ्यात शाईने ३१४. हा तुझा शर्टाच्या कॉलरवरचा नंबर आहे ना? त्यांना सवयच असेल. पण टपालपेटी तुझ्या दारातून दिसते. मामीने पावलं मोजली होती, त्रेचाळीस. शाळेला जाताना वाटेतच लागते.

मामा, तू शाळेत जातोस ना?

खारूताई

९ मार्च

ती. मामा,

दहा दिवस झाले, उत्तर नाही. फोन लावला, वाजतच नाही. तू तार काढून ठेवली असशील.

म्हणून शाळेत फोन केला. मुख्याध्यापिका बाई चांगल्या बोलल्या, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तू सप्टेंबरपासून रजेवर आहेस. रजा वाढवून मिळावी म्हणून तुझे चार अर्ज आले, चारही पाकिटांवर ३१४. आता रजा उरलेली नाही. एक एप्रिलला दहा वाजता तू स्वतः हजर झाला नाहीस तर तुझी जागा जाणार आणि संस्कृतचे तास हस्तकलेला देणार. हे तुला लेखी कळवलंय म्हणाल्या. "सरांनी पोच पाठवली," म्हणाल्या, "त्यात आमच्या पत्रातल्या दोन चुकाही दुरुस्त केल्या होत्या."

मी पुढच्या शनिवारी निघते. दाराची कडी मी बघते काय ते.

खारूताई

१४ मार्च

चि. खारूताई,

येऊ नकोस. हे पत्र शुक्रवारपर्यंत पोचेल अशा बेताने लाँड्रीवाल्यांना जास्तीचं तिकीट लावायला सांगितलं आहे. रागावून लिहीत नाही. कारण सांगतो, ते वाचून मग ठरव.

तुझी मामी विजेचे मीटर वाचायची. या गावातलं एकही दार नसेल ज्याची बेल तिने वाजवली नाही. बाहेरचं जग हा तिचा विषय, माझा नव्हे. मी घरातून शाळेत आणि शाळेतून घरात, तेही ती आधी निघाली की. पुढच्या दाराच्या आतल्या बाजूला खुंटी आहे, तिच्यावर तिचा रेनकोट. ती खुंटी बरोबर कडीच्या वर ठोकायची की नाही यावर लग्नानंतरचं आमचं पहिलं भांडण झालं. मी म्हणालो, कडी झाकली जाईल. ती म्हणाली, "येता-जाता हाताशी हवा." रोज घडी घालून पिशवीत घ्यायची, भर उन्हाळ्यातसुद्धा. विचारलं तर म्हणायची, "वरचं रीडिंग कुणाला घेता आलंय?" तर क्रम असा होता: आठ वाजता रेनकोट निघायचा, कडी मोकळी व्हायची, ती जायची. साडेनऊला मी.

सप्टेंबरात तू दहा दिवस होतीस तेव्हा दार उघडंच असायचं. माणसं येत-जात होती. तुम्ही सगळे गेलात, मी दार लावलं. रेनकोट खुर्चीवर पडला होता, तो उचलून खुंटीवर लावला. दुसरं काय करणार. त्यानंतर कडी दिसली नाही.

तीन ऑक्टोबरला शाळेत हजर व्हायचं होतं. इस्त्रीचा शर्ट घातला, पिशवी खांद्याला लावली, दाराशी गेलो. रेनकोट बाजूला करायचा आणि कडी काढायची, एवढंच. लहान मुलाचं काम. पाऊण तास उभा होतो. दहाची घंटा इथे ऐकू येते. मग शर्ट काढून घडी केला.

तेव्हापासून मागचं अंगण आणि तीन खोल्या. अंगणाला तिन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती, दार नाही, हे तू जाणतेस. वाणसामान भिंतीवरून येतं. तुझी पत्रं पुढच्या दाराखालून येतात, ती पट्टीने ओढून घेतो. न घातलेले शर्ट परत परत इस्त्रीला देतो, कारण लाँड्रीवाले दोन वाक्यं बोलून जातात. त्यांना सगळं ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात म्हणाले, "मास्तर, शिडी लावू का? या भिंतीवरून बाहेर." म्हटलं, "चोर निघतो तसा?" ते म्हणाले, "चोर आत येतो, मास्तर. बाहेर निघणारा घरमालकच असतो."

तुला खोटं लिहिलं त्याची लाज वाटते. खोटं बोलायलासुद्धा नवा विद्यार्थी सुचला नाही, यावरून माझी कल्पनाशक्ती बघ.

आता तू का येऊ नयेस. तू येशील, रेनकोट काढशील, दार उघडशील. मी तुझ्या पाठोपाठ निघेनही. मग तू परत जाशील, आणि रेनकोट कुठेतरी ठेवावा लागेल. सोमवारी पुन्हा तेच. दार तू उघडलेलं असेल.

आणि दीपपालाबद्दल. तू म्हणतेस पहिल्यापासून सुरू कर आणि मोजा घे. चार वेळा त्या खोलीत जाऊन आलो. 'पाहा' म्हटलं की तुझं वाक्य येतं: 'तिचा हातमोजा. एकच आहे.' एवढंच. त्यात 'घे' म्हणण्यासारखं मला काही दिसत नाही. तिचा आहे, खुंटीवर आहे, म्हणजे ती येऊन घेईल. मी घेतला तर ती येणार नाही हे मीच ठरवल्यासारखं होईल. तुझ्या खेळाला हे कळत नाही, त्याला घाई आहे.

तुझ्या आईला कळवू नकोस. ताई आली तर रेनकोटासकट मला धुवायला टाकेल.

मामा

१८ मार्च

ती. मामा,

आले नाही. पिशवी भरली होती, ती तशीच दाराशी आहे. आता तुझ्यासारखीच मीपण तिला वळसा घालून जाते.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मग ऑफिसात जाऊन मूळ खेळातलं हातमोज्याचं वाक्य काढून बघितलं. मामा, चूक तुझी नाही, माझी आहे.

मूळ वाक्य लांब आहे. ते असं: तिचा हातमोजा. एकच आहे, दुसरा ती घालून गेली. आतल्या बाजूला तिच्या अक्षरात लिहिलंय की हा तुझ्यासाठी ठेवला आहे, तुझा जळला ते मला माहीत आहे. हे दोन ओळींत बसेना. एका दुपारी मी असली साठ वाक्यं कापत होते. मला वाटलं, मोजा काय, घेणारच की सगळे, खुंटीवर दिसला की कुणीही घेतो. म्हणून नंतरचं सगळं उडवलं. ती ठेवून गेली होती तुझ्यासाठी. मी ते सांगितलंच नाही.

हे लिहून झाल्यावर थांबायचं होतं. पण आणखी एक वाक्य मी कापलंय, ते तुझ्या घरातलं आहे.

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात मी मामीजवळ बसले होते, तू औषधं आणायला खाली गेला होतास. ती म्हणाली, "माझा रेनकोट त्याला दे. ऑफिसने दोन मापं मोठा दिला होता मला, त्याला बरोबर बसेल. छत्री त्याच्या हातात टिकत नाही, चार हरवल्या." मी म्हटलं, "मामी, पुढच्या पावसाळ्यात तूच घालशील." तिने माझ्याकडे असं बघितलं, कुणी वीज चोरायला मीटरमध्ये तार घातलेली सापडावी तसं. म्हणाली, "तू सांग त्याला. तो विचारल्याशिवाय घेणार नाही, आणि विचारायला मी नसेन."

मी सांगितलं नाही. तेव्हा सांगितलं असतं तर ती जाणार हे मी मान्य केलं असं झालं असतं. नंतर सांगितलं नाही, कारण रेनकोटाचं काय सांगायचं, असं वाटलं. तू एवढा शांत होतास. मग राहूनच गेलं. सहा महिने.

मला क्षमा कर म्हणत नाही. नुसतं पोचवते आहे.

चौकटीत बसेल असं वाक्य तूच करून दे. बावीस अक्षरं, दोन ओळी. मला आता कात्री हातात धरवत नाही.

खारूताई

२६ मार्च

चि. खारूताई,

शेवटच्या भागाचे कागद सोबत आहेत. एकतीसच्या आत पोचतील.

तुझं पत्र पट्टीने ओढलं, दाराशीच जमिनीवर बसून वाचलं. डोक्यावर रेनकोटाची बाही लोंबत होती. तुझी मामी म्हणाली असेल तशीच म्हणाली आहे. छत्र्या पाच हरवल्या होत्या. पाचवीचं तिला कळलं नाही असं मी इतके दिवस समजत होतो, आणि कदाचित ती मला तसं समजू देत होती.

तुझ्यावर रागावलो का? पहिले दोन दिवस हो. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की तुझं कारण आणि माझं कारण एकच आहे, फक्त तू ते हॉस्पिटलात वापरलंस आणि मी दाराशी. मग कुणी कुणावर रागवायचं.

त्यानंतर खेळ पहिल्यापासून सुरू केला. पहिली खोली, धोक्याचा दिवा. वाक्य अजून तुझं जुनंच आहे, पण मला आता पुढचं ठाऊक होतं. 'घे' म्हटलं. मोजा खुंटीवरून निघाला आणि पिशवीत गेला. काही झालं नाही. वीज चमकली नाही, संगीत बदललं नाही. खुंटी रिकामी दिसायला लागली एवढंच, आणि तेवढं मी पाहू शकलो.

तीन दिवसांत बाहेरच्या दारापर्यंत पोचलो. दार उघडलं. तुझी शेवटच्या भागातली वाक्यं चांगली आहेत, फार थोडी खूण केली आहे. बाहेर काहीच नाही गं. भिंत नाही, त्यामुळे ढकलायला काही नाही, उघडायला काही नाही. सहा महिने आत राहिल्यावर मला ते आवडेल असं वाटलं होतं, पण नाही आवडलं. स्टुलाचा लंगडा पाय हाताने धरून दिव्यापर्यंत गेलो. दिवा लागला. ती भेटली नाही. मला वाटलं होतं, खेळ आहे म्हणजे भेटेल. भेटवली नाही हे बरं केलं त्यांनी.

हातमोज्याचं वाक्य घे:

'तिने तुझ्यासाठी
ठेवला आहे. घे.'

मोजून बघ, दोन्ही ओळींत जागा उरते. लांब वाक्य कापताना आपण नेहमी शेवट कापतो. कधी कधी सुरुवात कापायची असते. एकच आहे, दुसरा कुठे गेला, अक्षर कुणाचं, हे सगळं माणसाला नंतर कळलं तरी चालतं.

रेनकोटाबद्दल विचारशील. आठांपैकी पहिलं क्रियापद वापरून झालं आहे. रोज पाहतो. पाकिटावर ३१४ असेल, त्यावरून काय ते समज.

मामा

१ एप्रिल

चि. खारूताई,

हे पत्र उभ्याने लिहितोय, आणि या वेळी संगणकाचा दोष नाही. पोस्टाच्या काउंटरवर आहे. इथलं पेन दोरीला बांधलेलं आहे आणि दोरी आखूड आहे, त्यामुळे ओळ उजवीकडे संपत आली की अक्षरं बारीक होतात. बावीस अक्षरंच बसतात साधारण.

साडेआठला दाराशी गेलो. तू पोचवलेलं मामीचं वाक्य एकदा मोठ्याने म्हटलं, 'माझा रेनकोट त्याला दे.' मग रेनकोट काढला. घडी करून पिशवीत घालणार होतो, पण पिशवीत वह्या होत्या, शिवाय हातात धरला असता तर परत टांगला असता. म्हणून अंगात घातला. बाह्या बोटांपर्यंत येतात, बाकी बरोबर आहे.

कडीला गंज चढला होता. तेल घाल म्हणून तू लिहिलंस ते तू न कळता लिहिलंस, पण बरोबर लिहिलंस. दोन्ही हातांनी ओढावी लागली.

बाहेर लख्ख ऊन आहे, आभाळात कापसाएवढाही ढग नाही. रस्त्यावर मी एकटा रेनकोट घालून. समोरून लाँड्रीवाले सायकलवर येत होते. थांबले, एक पाय टेकला. मला वाटलं आता जाड कापडाचा विनोद येणार. आधी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग म्हणाले, "मास्तर, चुरगळलाय. संध्याकाळी द्या, वर कापड ठेवून हलकी इस्त्री फिरवतो." म्हटलं, "आज नको, घालायचा आहे." ते म्हणाले, "मग उद्या," आणि गेले. पत्र घेऊन जाऊ का असं विचारलं नाही.

टपालपेटी पंचेचाळीस पावलांवर आहे. तुझी मामी माझ्यापेक्षा लांब पावलं टाकायची, हे विसरलो होतो. पेटीत टाकायला पत्रच नव्हतं, म्हणून तसाच पुढे पोस्टात आलो, पाकीट घेतलं आणि लिहायला लागलो. मागच्या बाई म्हणतायत, "पेन सोडा आता, सर, माझं मनिऑर्डरचं राहिलंय." त्यांनी मला सर म्हटलं. ओळखतात की रेनकोटातला माणूस म्हणून घाबरून म्हणाल्या, विचारलं नाही.

पावणेदहा वाजले आहेत. पुढे शाळा. इथून फाटक दिसतं आहे, आणि मला परतही जावंसं वाटतं आहे, ते लपवत नाही. पण घरी खुंटी रिकामी आहे, आणि तिच्यावर लावण्यासारखी एकच गोष्ट आहे ती माझ्या अंगात आहे.

आता पेन देतो. पत्ता माझ्या अक्षरात आहे. कोपऱ्यात सवयीने आधी नंबर घातला होता, तो खोडला आहे.

मामा